नरकाला निघालेले पोर आणि जोतीरावांची 'गुलामगिरी'

(हिमायतनगर येथे शेतकरी व कारागीर मंडळींपुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज आम्ही आपणांपुढे एका गोष्टीच्या पुस्तकाविषयी बोलणार आहो. हे ऐकताच मागे बसलेल्या काही मंडळींच्या कपाळास आठ्या पडल्या, त्या आम्हांस दिसल्या. इथे कापसाच्या भावाची पंचाईत, आणि हे गृहस्थ सातासमुद्रापलीकडच्या कहाण्या सांगावयास उभे राहिले! पण जरा धीर धरा. ही कहाणी एका नदीची आहे आणि नदीकाठच्या माणसांस ती कळावयास कठीण जाणार नाही.

पैनगंगा आपल्या सर्वांच्या पाहण्यातली. 1947-48 साली, रझाकारांच्या धामधुमीत, नदीच्या अलीकडे निजामाचे राज्य आणि पलीकडे उमरखेडच्या अंगाला वऱ्हाड. त्या दिवसांत कित्येक कुटुंबे पोरेबाळे काखेस मारून पलीकडे गेली. पाणी तेच, चिखल तोच. पण एका काठावर धास्ती आणि दुसऱ्या काठावर सुटकेचा श्वास. घरच्या म्हाताऱ्यांनी हे आपणांस सांगितलेले असेल. अमेरिकेत मिसिसिपी म्हणून अशीच एक नदी आहे. मात्र आपल्या पैनगंगेसारख्या कितीतरी नद्या ती पोटात घालील. तिच्या पश्चिमेस मिसूरी राज्य. तेथे काळा मनुष्य बाजारात बैलासारखा विकला जाई. नदीपलीकडे इलिनॉय. तेथे गुलामगिरीस बंदी होती खरी; पण पळून आलेला गुलाम तेथेही धरला जाई, कारण मालकाकडे पोचविणारास बक्षीस असे. म्हणजे काठ बदलला तरी धास्ती सुटत नव्हती.

ह्या मिसूरीत 1835 साली सॅम्युअल क्लेमेन्स जन्मला. हॅनिबल नावाच्या नदीकाठच्या गावात तो वाढला, मोठेपणी आगबोटीचे सुकाणू धरू लागला आणि पुढे 'मार्क ट्वेन' ह्या टोपणनावाने लिहू लागला. त्याचे 'हकलबरी फिन' हे पुस्तक 1884 च्या डिसेंबरात इंग्लंडात व 1885 च्या फेब्रुवारीत अमेरिकेत निघाले. आमच्या जोतीरावांची 'गुलामगिरी' त्याआधीची, 1873 ची. तिची अर्पणपत्रिका आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक असेलच. काळ्या गुलामांस दास्यातून मोकळे केल्याबद्दल अमेरिकेतील भल्या लोकांस जोतीरावांनी ते पुस्तक अर्पण केले, आणि आपल्या देशबांधवांनीही शूद्र भावांस सोडविताना तोच कित्ता गिरवावा, अशी आशा धरली. पुण्याच्या एका माळ्याने अमेरिकेकडे पाहिले. तेव्हा त्या अमेरिकेतला एक शहाणा आपल्याच घराकडे कसा पाहत होता, हे आपण पाहू.

गोष्ट थोडक्यात अशी. हक हा दारुड्याचा पोर. आई नाही, बाप आहे तो मारण्यापुरता. गावच्या एका विधवा बाईने त्यास घरात घेतले. तिची बहीण मिस वॉटसन मोठी सोवळी, सदा प्रार्थना करणारी, पोरास नरकाचे भय घालून अक्षरे शिकविणारी. तिच्या मालकीचा जिम हा काळा गुलाम. एका व्यापाऱ्याने जिमचे आठशे डॉलर देऊ केले. त्यास दक्षिणेकडे विकावे की काय, असे बाईच्या मनात घोळू लागले. जिमने ते आपल्या कानांनी ऐकले आणि तो पळाला. बापाच्या मारास कंटाळून हकही पळालेला होता. दोघांची गाठ नदीतल्या एका बेटावर पडली आणि मग एका तराफ्यावर बसून दोघे रात्रीच्या रात्री प्रवाहाबरोबर निघाले. जिमच्या मनात बेत एकच: मोकळे व्हावे, पैसा जमवावा, बायकोला सोडवावे आणि मग दोघांनी राबून पोरे सोडवावीत.

आता खरी मौज पुढे आहे. हक जिमला मदत करतो. पण हे पुण्य आहे असे त्यास एक क्षणही वाटत नाही. उलट, आपण मोठे पाप करीत आहो, एका बिचाऱ्या बाईची मिळकत चोरीत आहो, ह्या विचाराने तो जळतो. त्यास शाळेत, देवळात, घरात, सर्वत्र हेच शिकविले गेले होते. जिम म्हणतो की माझी पोरे मालकाने दिली नाहीत तर चोरून आणीन. हे ऐकून हकच्या अंगावर काटा येतो. स्वतःची पोरे चोरणार! ज्या मालकाने आपले काही वाकडे केले नाही, त्याची पोरे! वाचणारास हसू येते आणि लगेच ते घशात अडकते.

शेवटी दोन भामटे जिमला चाळीस डॉलरांसाठी विकून टाकतात. तेव्हा हक ठरवितो की आता मालकिणीस पत्र लिहून सर्व कळवावे, म्हणजे पाप धुतले जाईल. पत्र लिहितो. मन हलके होते. मग तो बसल्याबसल्या नदीवरच्या रात्री आठवू लागतो. आपली पहाऱ्याची पाळी आली तरी जिम आपणांस उठवीत नसे, आपणच जागत बसे. धुक्यात चुकामूक होऊन आपण परत भेटलो तेव्हा तो किती हरखला होता. आणि ते पोर पत्र फाडून टाकते. नरकात जावे लागले तर जाऊ, पण जिमला सोडवू, असे ठरविते. ध्यानात घ्या, नरक खोटा आहे असे त्याने म्हटले नाही. नरक खरा, आपण तेथे जाणार हेही खरे, असे पक्के मानून त्याने ते पत्र फाडले. ट्वेनने 1895 साली आपल्या टिपणांत ह्याचे मर्म लिहून ठेवले आहे: निकोप काळीज आणि बिघडविलेली सदसद्विवेकबुद्धी यांची झुंज लागली आणि काळीज जिंकले.

आपण लहानपणापासून ऐकतो की मनाचा कौल घ्यावा, मन खोटे बोलत नाही. ट्वेन म्हणतो, सावध! त्या मनात बोलतो कोण, हे आधी विचारा. पुष्कळदा मालकच बोलत असतो.

जोतीरावांच्या घरातच ह्याचे उदाहरण घडले. 1848 साली त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई शिकवावयास जात, तेव्हा लोक अंगावर शेण फेकीत. आणि 1849 साली ह्या दोघांस घराबाहेर काढले कोणी? कोणा शास्त्रीबुवांनी नव्हे; प्रत्यक्ष जन्मदात्या गोविंदरावांनी. गोविंदराव का दुष्ट होते? मुळीच नाही. कष्टाळू, प्रपंची मनुष्य. लोकांच्या शब्दाचे दडपण आणि अधर्माचे भय, ह्या दोहोंपुढे ते वाकले. हकने पत्र फाडले, गोविंदरावांना ते फाडता आले नाही, एवढाच फरक. म्हणून 'गुलामगिरी'त जोतीराव नुसते मालकावर आसूड ओढीत नाहीत. शूद्राच्या डोक्यात बसविलेल्या मालकालाही ते खाली ओढून काढतात.

हे दोघांनी केले कशाने? विनोदाने. पण कोणता विनोद? तमाशात सोंगाड्या असतो. तो वेड्याचे सोंग घेऊन पाटलाची, सावकाराची फिरकी घेतो. जोतीरावांच्या 1855 च्या 'तृतीय रत्न' नाटकात विदूषक हेच करतो. जोशीबुवा गरोदर कुणबिणीस ग्रहांचे भय घालून तिच्या घरचे धान्य-पैसे उपटतो आणि विदूषक मध्येच तोंड घालून त्याचे पितळ उघडे पाडतो. दक्षिणा प्राईझ कमिटीने ते नाटक नापसंत केले, ह्यात नवल नाही. 'गुलामगिरी'त तर जोतीरावांनी परशुरामास नोटीसच पाठविली आहे. तुम्ही चिरंजीव आहात असे म्हणतात, तर सहा महिन्यांच्या आत हजर व्हा! कज्जेदलालीत नाडलेल्या कुणब्याला नोटीस म्हणजे काय हे पक्के ठाऊक. त्याच्याच हातून देवावतारास नोटीस! चावडीवर हे वाचले गेले असेल तेव्हा किती हशा पिकला असेल, आणि हसता हसता किती भीती गळून पडली असेल!

ट्वेनचा सोंगाड्या निराळा आहे. हकला आपण विनोद करतो हे माहीतच नाही. तो भोळेपणाने जसे पाहिले तसे सांगतो. दोन खानदानी घराण्यांचे हाडवैर असते. ते लोक रविवारी बंदुका घेऊन देवळात जातात, बंधुप्रेमावरचे प्रवचन ऐकतात, फार सुरेख होते म्हणून वाखाणतात आणि दुसऱ्या दिवशी एकमेकांची पोरे टिपतात. आणि एक प्रसंग तर असा आहे की तो वाचून आम्ही पुस्तक खाली ठेवले होते. हक थाप मारतो की आगबोटीवर स्फोट झाला. सॅली मावशी नावाची एक मायाळू बाई विचारते, कोणास इजा तर नाही ना झाली? तो सांगतो, नाही, एक काळा तेवढा मेला. बाई म्हणते, बरे झाले बाई, कधी कधी माणसे दगावतात! संपले. लेखक एक अक्षर जास्त लिहीत नाही. ह्या बाईने हकला पोटच्या पोरासारखे जेवू घातले. ती वाईट नाही. म्हणूनच तो प्रसंग इतका भयंकर आहे.

हा ट्वेन 1896 च्या जानेवारीत मुंबईस आला होता. जोतीरावांस जाऊन तेव्हा पाच वर्षे झाली होती. मुंबईच्या हॉटेलात त्याने पाहिले की एका धिप्पाड जर्मन माणसाने देशी नोकराच्या जबड्यावर ठोसा मारला. काय चुकले ते सांगितलेही नाही. नोकराने तो निमूट सोसला, चेहऱ्यावर रागाची रेषाही उमटू दिली नाही. ट्वेन लिहितो की हे दृश्य पन्नास वर्षांनी पुन्हा दिसले आणि आपले बालपण डोळ्यांपुढे उभे राहिले. त्याचा बाप सरळ, न्यायी, सचोटीचा गृहस्थ. स्वतःच्या पोरावर त्याने जन्मात दोनदाच हात उगारला. पण घरातल्या लुइस नावाच्या गुलाम पोरास मात्र क्षुल्लक चुकीसाठी वरचेवर थप्पड बसे. दहा वर्षांचा असताना ट्वेनने आणखी एक पाहिले. एका मालकाने रागाच्या भरात लोखंडाच्या कच्च्या धातूचा गोळा गुलामाच्या डोक्यात घातला. गुलाम तासाभरात मेला. गावात कोणासच ते आवडले नाही. पण कोणी फारसे बोललेही नाही. मालकाचा माल होता ना! 1897 साली निघालेल्या आपल्या प्रवासाच्या पुस्तकात त्याने हे सर्व लिहिले आहे.

आम्ही हे वाचले तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे अमेरिका उभी राहिली नाही. आमचाच गोठा उभा राहिला. आमच्या घरी सालगडी होता. पहाटे चाऱ्यापासून रात्री मोटेच्या दोरापर्यंत सर्व त्याच्या अंगावर. आमच्या आजीसारखी मायाळू बाई पंचक्रोशीत नव्हती. भिकाऱ्यालाही ती ताजी भाकरी वाढी. पण त्या गड्याचा जर्मनचा पेला गोठ्याच्या वळचणीला खोचलेला असे. त्यात चहा ओतावयाचा तो वरून, पेल्यास भांडे न लावता. त्याचा पोरगा आमच्याच वयाचा. त्यास आमच्या चुलत्याने एकदा बैल सुटला म्हणून कासऱ्याने झोडपले, आणि आम्ही ओट्यावर बसून लाह्या खात होतो. आम्हांस वाईट वाटले का? वाटले असेल. आम्ही बोललो का? नाही. हॅनिबल गावातले लोकही बोलले नव्हते.

बंधूंनो, ह्या व्यासपीठावरून वरच्या वर्णाच्या जुलमाविषयी बोलणे सोपे आहे, टाळ्याही मिळतात. पण 1978 साल आठवा. जुलैच्या अखेरीस विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठास बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि आपल्या जिल्ह्यांत आग लागली. नांदेड जिल्हाही त्यातून सुटला नाही. दलितांच्या वस्त्या पेटल्या, माणसे मारली गेली, भरल्या घरांतून लोक नेसत्या वस्त्रांनिशी पळाले. पेटविणारांत आपल्यासारखीच शेतकरी माणसे होती. माळ घातलेली होती, पंढरीची वारी चुकवीत नव्हती. आणि बाकीचे गाव? गावाला ते आवडले नव्हते, पण गाव फारसे बोललेही नाही. नामविस्तार व्हावयास 14 जानेवारी 1994 उजाडावे लागले. मिस वॉटसन कोण, सॅली मावशी कोण, हे शोधावयास मिसूरीस जाण्याची गरज नाही.

आता ट्वेनचीही उलटतपासणी केली पाहिजे. नाही तर हे व्याख्यान नसून आरती होईल.

ह्या पुस्तकात काळ्या लोकांस हिणविण्याचा एक घाणेरडा शब्द दोनशेहून अधिक वेळा येतो. 1885 साली कॉन्कर्ड गावच्या वाचनालयाने पुस्तक काढून टाकले, ते त्या शब्दासाठी नव्हे. पोर रांगडे बोलते, खोटे बोलते, म्हणून. सभ्य लोकांचे नाक कोठे मुरडते ते पहा! विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त जोतीरावांच्या भाषेची टर उडविली, तीही ह्याच जातीची. पण पुढे काळ्या आईबापांनी जी तक्रार केली, ती निराळी आणि खरी. वर्गात तीस पोरांत आपले एक पोर, आणि मास्तर तो शब्द मोठ्याने वाचवून घेतात. त्या पोराने खाली मान घालून किती वेळ बसावे? 1957 साली न्यूयॉर्क शहरात शाळांच्या मंजूर यादीतून ते पुस्तक गेले. 2011 साली एका प्रकाशकाने तो शब्द खोडून तेथे 'गुलाम' घातले.

आमचे मत विचाराल तर, खोडाखोड आम्हांस पसंत नाही. शिवी पुसली म्हणजे शिवी देणाराचे तोंड स्वच्छ दिसते. पण ज्याच्या बापास बाजारात जातीच्या नावाने हाक मारली गेली, त्याच्या पोरास ते पान वाचावयास उभे करणे हाही जुलूमच. जातीवरून अपमान करणे आपल्याकडे 1989 च्या कायद्याने गुन्हा ठरले. गुन्हा का ठरवावे लागले, हे पोरांस आधी सांगावे, मग पुस्तक उघडावे. हे काम छापखान्याचे नाही, मास्तरांचे आहे.

दुसरा दोष आम्हांस अधिक सलतो. जिमची मुलगी एलिझाबेथ चार वर्षांची असताना आजारातून उठली. बाप म्हणाला दार लाव, ती हसत उभी राहिली. बापाने तिला चापट मारली. मग वाऱ्याने दार धाडकन आपटले आणि पोर दचकलीसुद्धा नाही. तेव्हा त्यास कळले की आजाराने तिचे कान गेले आहेत. नदीवर रात्री हे आठवून तो रडतो. असा बाप, असा मनुष्य! त्याच जिमला पुस्तकाच्या शेवटी ट्वेन हसण्याचे खेळणे करतो. कोठडीत कोंडलेल्या जिमला सोडविण्यासाठी टॉम सॉयर नावाचा खुशालचेंडू पोर नाटकी खेळ रचतो. जिमच्या अंगावर उंदीर, साप सोडतो आणि सरळ दार उघडून नेता येईल त्यास आठवडेच्या आठवडे कोंडून ठेवतो. शेवटी उघड होते की मालकीण दोन महिन्यांपूर्वीच मेली, मरताना मृत्युपत्रात जिमला मोकळे करून गेली, आणि टॉमला हे पहिल्यापासून ठाऊक होते.

पुष्कळ जाणते म्हणतात की येथे पुस्तक बिघडले. काही म्हणतात की हाच सर्वांत खोल उपरोध. कायद्याने जो मोकळा आहे त्यास साखळदंडात ठेवून गोरा पोर मौज करतो. 1865 नंतर अमेरिकेने काळ्यांचे नेमके हेच केले. गुलामी गेली, पण 1877 नंतर दक्षिणेत त्यांस वाऱ्यावर सोडले, आणि 1896 च्या मे महिन्यात त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने आगगाडीत काळ्यांचे डबे वेगळे ठेवणे कायदेशीर ठरविले. म्हणजे जोतीरावांनी ज्या भल्या लोकांस पुस्तक अर्पण केले, त्यांचे काम अर्धे राहिले. आम्हांस वाटते, दोन्ही म्हणणी खरी आहेत. उपरोध खोल आहे आणि जिमची विटंबनाही झालीच आहे. दोष जागेचा आहे. गोष्ट सांगतो हक. जिम सांगत नाही. दोनशेहून अधिक वेळा ज्यास शिवी बसली त्याच्या हाती लेखणी नाही. 2024 साली पर्सिव्हल एव्हरेट नावाच्या काळ्या लेखकाने हीच कहाणी जिमच्या तोंडून लिहिली. 'जेम्स' हे तिचे नाव. तिला 2025 चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. तेथे जिम लिहितो, वाचतो आणि गोऱ्यांपुढे मुद्दाम अडाणी बोलतो. मालकापुढे 'जी, जी' करून मागे वळून हसणारा गडी आपण पाहिलेला आहे; आपणांस त्यात नवल ते काय! 'गुलामगिरी' ह्याच ठिकाणी 'हकलबरी'च्या पुढे गेली. तेथे प्रश्न विचारतो धोंडीबा, उत्तर देतात जोतीराव. दोघेही त्याच बाजूचे. कोणा दयाळू पोराने त्यांस सोडवावे म्हणून ते कोठडीत बसलेले नाहीत.

कागदावर मोकळा आणि कोठडीत बंद, हा प्रकार आपल्या मुलखास नवा नाही. शेजारच्या तेलंगणात कर्जापायी पिढ्यान्‌पिढ्या धन्याकडे राबणारास 'भगेला' म्हणत. निजाम सरकारने 1936 साली त्यावर कायदा केला. कागद निघाला, भगेला राबतच राहिला. पुढे 1976 साली सबंध देशासाठी वेठबिगारी बंद करणारा कायदा आला. तरी आज मराठवाड्यातून नवरा-बायकोचा कोयता उचल घेऊन ऊसतोडीस निघतो, तेव्हा उचल फिटेतो तो किती मोकळा असतो, हे ह्या सभेतल्या कित्येकांनी आम्हांस सांगावे. आम्ही काय सांगणार!

आमच्या त्या सालगड्याचा पोरगा पुढे शिकला, नोकरीस लागला. पाच वर्षांखाली एका लग्नात भेटला. आम्ही कासऱ्याची गोष्ट काढली, कारण ती आमच्या मनात रुतलेली होती. तो हसला आणि म्हणाला, "मार नाही हो आठवत. तुमच्या हातातल्या लाह्या आठवतात." आम्ही त्यास बसा म्हणालो. तो बसला. चहा आला, दोघांस सारख्याच कपांत. आमचा कप मात्र हातात थरथरत होता.

असो. फार वेळ झाला. येत्या बाजाराच्या दिवसापासून रोज संध्याकाळी ह्याच जागी 'गुलामगिरी'चे वाचन आहे. ज्यांस वाचता येत नाही त्यांनी ऐकावयास यावे, ज्यांस येते त्यांनी पाळीने वाचावे. बायांनी मागे न बसता पुढे बसावे. चहा सर्वांस एकाच किटलीतून मिळेल. पहिल्या दिवशी परशुरामास पाठविलेली नोटीस वाचली जाईल. तिची सहा महिन्यांची मुदत केव्हाच उलटली आहे आणि प्रतिवादी अद्याप हजर झालेला नाही.